सिस्टर, सही कोणाची?

गेल्या पावसाळ्यात माझ्या ताईचे बाळंतपण झाले. मी व आई रात्रभर आळीपाळीने तिच्याजवळ होतो. डॉक्टर दोनदा येऊन गेले. सिस्टर मात्र पहाटेपर्यंत हलली नाही. कळांचे अंतर मोजणे, बाळाचे ठोके ऐकणे, ताईला हाताला धरून फिरवणे, सारे तिनेच केले. (ती केरळची, बोलत होती तेलुगू, आणि शेजारच्या खाटेवरच्या कन्नड बाई तिला 'अक्का' म्हणत होत्या!) सकाळी कागदावर सही झाली ती अर्थातच डॉक्टरांची.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. हिला वैद्यकातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण बँकेचा व्यवहार आम्हाला शिकवतात. प्रत्येक चेकला मॅनेजरचीच सही लागली असती, तर अंबरपेठेतली रांग काचीगुड्यापर्यंत गेली असती! म्हणून हुद्द्याप्रमाणे ठराविक रकमेपर्यंत अधिकार वाटून दिलेले असतात. दवाखान्यात अशी पायरी का नको?

कल्पना जुनीच आहे. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी 'नर्स प्रॅक्टिशनर'चा पहिला अभ्यासक्रम काढला. परिचारिकेने अधिक शिकावे, रुग्ण स्वतः तपासावा, अवघड असेल तो डॉक्टरांकडे पाठवावा. आपल्या तेलंगणातही २०१७ मध्ये करीमनगरला निवडक परिचारिकांना प्रसूतिसेवेचे १८ महिन्यांचे शिक्षण देण्यास आरंभ झाला, आणि २०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारने देशासाठी तशीच मार्गदर्शक तत्त्वे काढली.

याची निकड आपल्याइतकी कोणाला असणार? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातली सुमारे २१ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली होती. तेलंगणात ६०, आणि इथल्या खासगी दवाखान्यांत ८१! उशाशी बसून वाट पाहणारे माणूस कमी पडते, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

आई म्हणते, "अधिकार दिला आणि काही बिघडले तर?" शंका रास्त आहे. पण जबाबदारी आजही तिच्यावरच आहे. नाही तो अधिकार. त्याची मर्यादा लिहून ठेवावी, पगारही वाढवावा. डॉक्टरांची जागा रिकामी ठेवून तिथे स्वस्तात नर्स बसवणे, हे मात्र कोणी सुचवू नये.

बारशाला त्या सिस्टरला बोलवायचे आईच्या फार मनात होते. नाव विचारायचे राहून गेले होते. घरी आल्यावर दवाखान्याचे सगळे कागद चाळले. त्यात ते कुठेच नव्हते.