कपाटातली सवलत

लिऑन वाइल्ड्स (१९३३–२०२४) हे न्यूयॉर्कचे इमिग्रेशन वकील. जॉन लेननची अमेरिकेतून होणारी हद्दपारी त्यांनी टाळली, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. त्या खटल्यात त्यांनी सरकारी कपाटातून जे बाहेर काढले, ते लेननच्या ग्रीन कार्डापेक्षा मोलाचे होते.

पेनसिल्व्हेनियातल्या ओलिफंट या कोळसा खाणींच्या छोट्या गावात ते वाढले. न्यूयॉर्क विद्यापीठातून कायदा शिकल्यावर त्यांनी ‘हायस’ या संस्थेत काम केले. ज्यू स्थलांतरितांना आणि निर्वासितांना मदत करणारी ही जुनी संस्था. तिथे त्यांना या विषयाची गोडी लागली, ती कायमची. १९६० मध्ये भागीदारीत त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटले आणि पुढे ते इमिग्रेशन वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले.

जानेवारी १९७२ मध्ये एका वकील मित्राने त्यांची लेनन आणि त्याची पत्नी योको ओनो यांच्याशी गाठ घालून दिली. लेननच्या बीटल्स या बँडचे नावही वाइल्ड्सना फारसे ठाऊक नव्हते. घरी येऊन त्यांनी पत्नीला अशील सांगितले ते ‘जॅक लेमन आणि योको मोटो’ असे. चूक पत्नीने सुधारली. गायकाच्या नावाची भुरळ पडून त्यांनी वकीलपत्र घेतले नव्हते, हे यावरून उघड आहे.

अडचण १९६८ सालची होती. लंडनमधल्या घरझडतीत चरस सापडल्यावर लेननने गुन्हा कबूल करून दीडशे पौंड दंड भरला होता. असा गुन्हा नावावर असलेल्याला अमेरिकेचा कायदा कायम वास्तव्य देत नसे. पण खरे कारण वेगळे होते. लेनन युद्धविरोधी होता, १९७२ ची निवडणूक तोंडावर होती आणि अठरा वर्षांच्या तरुणांना नुकताच मताधिकार मिळाला होता. फेब्रुवारीत सेनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी लेननचा व्हिसा संपवण्याचा विचार व्हाइट हाउसच्या कानावर घातला आणि मार्चमध्ये हद्दपारीची कारवाई सुरू झाली.

कायद्याचे कलम आडवे येत असताना इमिग्रेशन खाते प्रत्यक्षात कसे वागते, हे शोधायला वाइल्ड्स निघाले. काही माणसे हद्दपारीस पात्र ठरूनही खाते त्यांना गपचूप राहू देते, अशी कुजबुज वकिलांत होती. खात्याने कानावर हात ठेवले. तेव्हा वाइल्ड्सनी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली दावा लावला आणि १,८४३ प्रकरणांच्या नोंदी मिळवल्या. म्हातारपण, आजार, लहान वय, कुटुंबाची ताटातूट अशा कारणांसाठी ‘नॉनप्रायॉरिटी’ शेरा मारून फायली बाजूला ठेवल्या जात होत्या. गंभीर गुन्हे असलेल्यांनाही सवलत मिळाली होती. दया होती, पण ती मागायची कुठे हे कुणालाच सांगितलेले नव्हते.

७ ऑक्टोबर १९७५ रोजी अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी हद्दपारीचा आदेश रद्द केला. जवळ अमली पदार्थ असल्याची आरोपीला जाणीव होती की नाही, हे तेव्हाचा ब्रिटिश कायदा पाहतच नव्हता. म्हणून त्या शिक्षेवरून लेननला बाहेर काढता येणार नाही, असे न्यायमूर्ती कॉफमन यांनी ठरवले. गुप्त राजकीय कारणांवरून निवडून केलेली हद्दपारी न्यायालये खपवून घेणार नाहीत, हेही त्यांनी बजावले. दोनच दिवसांनी, लेननच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, मुलगा शॉन जन्मला. २७ जुलै १९७६ रोजी ग्रीन कार्ड मिळाले.

अशिलाचे काम झाले, तरी वाइल्ड्सनी विषय सोडला नाही. त्याच वर्षी त्यांनी कायद्याच्या नियतकालिकात ‘नॉनप्रायॉरिटी’चा सगळा कार्यक्रम मांडला, जेणेकरून कोणत्याही वकिलाला तो आपल्या अशिलासाठी वापरता यावा. पुढे कित्येक वर्षे त्यांनी कार्डोझो लॉ स्कूलमध्ये इमिग्रेशन कायदा शिकवला. ‘नॉनप्रायॉरिटी’चे नाव पुढे ‘डिफर्ड अ‍ॅक्शन’ झाले. लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणलेल्या तरुणांसाठी ओबामा सरकारने जून २०१२ मध्ये ‘डाका’ योजना आणली, ती फायली बाजूला ठेवण्याच्या याच अधिकाराच्या बळावर. आजवर आठ लाखांहून अधिक जणांना तिचा आधार मिळाला. त्यांतल्या बहुतेकांना लेननला मिळाला तसा वकील परवडला नसता.