देखरेख कोणाची, कोणावर?

गणेशोत्सव किंवा मोहरम जवळ आला की उपनगरांतील पोलीस ठाण्यांतून शांतता समितीच्या बैठकीचे निरोप निघतात. बहुतेक ठिकाणी तीच परिचित मंडळी जमतात, सलोख्याचे आवाहन होते, चहापान होऊन सभा संपते. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत या समित्यांचे सभासद निवडते कोण? ठाण्याचे अधिकारीच.

मूळ कल्पना याहून मोठी होती. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतील सामान्य माणसे होती. जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसे जाळली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे १९९४ साली मुंबईतही मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली.

परंतु सलोखा आणि देखरेख या भिन्न गोष्टी आहेत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली. सत्र न्यायालयाने अधिकाऱ्याला दोषी ठरवले ते २००९ साली. मधल्या बारा वर्षांत वस्तीला हक्काने जाब विचारता येईल असे स्थानिक व्यासपीठ नव्हते, आजही नाही. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली जिल्हावार तक्रार प्राधिकरणे मागितली; महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्यात ती विभागीय पातळीवर नेली. सामान्य माणसापासून न्याय आणखी एक पायरी दूर गेला.

खजिनदारानेच हिशेबतपासनीस नेमावा, तशी आजची रीत आहे. ती मोडायची तर या समित्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या वॉर्ड समित्यांशी जोडल्या पाहिजेत. रस्ते-पाण्याविषयी तेथे पालिकेच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. मग गस्त, तक्रार नोंदविण्यातील टाळाटाळ, फेरीवाल्यांचा छळ यांविषयी वरिष्ठ पोलीस निरीक्षकाने दर तीन महिन्यांनी जाहीर उत्तर का देऊ नये? निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात, झोपडपट्ट्यांना प्रतिनिधित्व मिळावे, इतिवृत्त प्रसिद्ध व्हावे.

नगरसेवक तपासात ढवळाढवळ करतील ही भीती खोटी नाही. म्हणून तपास आणि अटक या बाबी समितीच्या कक्षेबाहेर ठेवाव्यात. मात्र मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महापालिकेत प्रशासकाचाच कारभार होता, हेही विसरू नये. जेथे निवडणूकच लांबवता येते, तेथे देखरेखही लांबवता येते. पोलिसांचा पगार जनता देते. हिशेब मागण्याचा अधिकार तिने ठाण्याच्या निमंत्रणाची वाट पाहत का गमवावा?