मार्गदर्शकाचा वर्ण

'गुरूस वर्ण नसतो' हे वाक्य ऐकावयास मोठे गोड आहे. अमेरिकेतील हायस्कुलांत शिकणाऱ्या कृष्णवर्णी मुलांस त्यांच्याच समाजातील मार्गदर्शक द्यावेत असा विषय निघाला, की तेथील कित्येक सज्जन हेच वाक्य पुढे करतात, आणि ते वाचून आमच्याकडील सुशिक्षितही माना डोलावितात. त्या देशातील सरकारी शाळांत शंभर शिक्षकांमागे कृष्णवर्णी पुरुष दोनही नाहीत. तेव्हा गुरूस वर्ण आहेच. तो बोलून दाखविला जात नाही, इतकेच.

कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या शिक्षणमंडळाने २०१० साली ह्या मुलांकरिता स्वतंत्र विभाग उघडला. शाळेच्या नित्याच्या वेळापत्रकातच एक तास ठेवला. शिकविणारा कृष्णवर्णी पुरुष, आणि विषय आफ्रिकी-अमेरिकनांचा इतिहास व त्याच्याशी जोडलेले मुलांचे स्वतःचे जीवन. कोणा धनिकाने सवडीने येऊन पाठीवरून हात फिरवावा, असा हा प्रकार नव्हे. टॉमस डी व एमिली पेनर ह्या संशोधकांनी २०१९ साली त्याचे फलित तपासले, तेव्हा मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलांची संख्या बरीच घटल्याचे दिसले. आणि ज्यांच्यासाठी हा तास नव्हताच, त्या कृष्णवर्णी मुलींतही ती थोडी घटली. एकाचे हित साधले की दुसऱ्याचे बुडते, हे गणित निदान येथे तरी सुटले नाही.

'१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णवार शाळा अवैध ठरविल्या. त्या मागील दाराने का आणता?' असे विचारले जाते. विचारणाऱ्यांनी इतिहासाचे पुढचे पान उलटलेले नसते. त्या न्याय्य निर्णयाची अंमलबजावणी होताना दक्षिणेत बंद पडल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्याच शाळा. मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली, गुरुजी घरी बसले. दहा-अकरा वर्षांत अशा नोकऱ्या गमावलेल्यांची संख्या सुमारे ३८ हजार सांगतात. त्याला समता म्हणावयाचे, आणि ती तूट कोणी अंशतः भरून काढू लागला की तो मात्र फुटीरपणा!

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस, हे पुष्कळांस ठाऊक असते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी केलेली मागणी तितकीशी ठाऊक नसते. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातूनच तयार करा, कारण ते मुलांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील. ब्राह्मण पंतोजी अलिप्त राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. 'विद्येस जात नसते' हे त्यावरचे उत्तर तेव्हाही सोपे होते. ते देणाऱ्याची जात कोणती, हे सांगावयास नको.

केवळ कातडीचा रंग जुळला म्हणजे काम झाले, असे मात्र आम्ही म्हणत नाही. फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंगची तसबीर टांगावयाची, मुलांस टाय बांधावयास शिकवावयाचे आणि 'चिकाटी धरा' म्हणून निरोप द्यावयाचा, ह्यास मार्गदर्शन हे नाव शोभत नाही. तेथे मुलाचे घर, त्याची बोली, त्याचे संगीत हे सारे पुसून टाकावयाचे डाग ठरतात. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज ह्या विदुषीने १९९५ साली अशा शिक्षणास तीन कसोट्या लाविल्या: अभ्यासातील यश, स्वसंस्कृतीशी अतूट नाते, आणि समाजातील अन्याय ओळखण्याची दृष्टी. ह्यांतील पहिली विसरून चालावयाचे नाही. मुलगा बीजगणितात मागेच राहिला आणि इतिहासाच्या तासाला मात्र टाळ्या पडल्या, तर त्या कृष्णवर्णी गुरुजींसही आम्ही जाब विचारू.