धक्का बसला की भेगा बघतो, लेकरांची झोप कोण बघणार?

लातूर-नांदेडकरांनो, जमीन हलली की आपण आधी भिंती बघतो, मग मोबाईल. लेकरू रात्री नीट झोपतंय का, हे मात्र विचारत नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं किल्लारी परिसरात झोपेतच दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. तेव्हापासून आपल्याकडं भूकंपाची भीती रात्रीलाच चिकटलेली आहे. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज आले. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोलीकडच्या ४.५ रिश्टरच्या धक्क्यांनी नांदेडही हादरलं. अशा वेळी आपण काय करतो? लेकरांदेखत किल्लारीच्या कहाण्या सांगतो, "आज रात्री मोठा येणार" असले मेसेज मोठ्यानं वाचतो. भूकंपाची तारीख-वेळ जगात कुणालाच आधी सांगता येत नाही, पण पाच वर्षांच्या पोराला ते कसं कळावं? मग ते दिवा बंद करू देत नाही, वाळलेलं अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागतं. आणि आपण वर त्यालाच रागावतो.

दृष्ट काढायची तर काढा, माझं काही म्हणणं नाही. पण एवढंही करा. झोप लागल्यावर तास-दोन तासांत लेकरू किंचाळत उठलं, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नसेल, तर गदागदा हलवू नका. पडणार नाही, लागणार नाही एवढं बघा. थोड्या वेळात शांत होतं, सकाळी बहुतेकदा आठवतही नाही. पहाटे वाईट स्वप्नानं जागं झालं तर जवळ घ्या, ऐकून घ्या. झोपायची वेळ ठरलेली ठेवा. "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" हे तर बंदच करा. त्रास आठवड्यांमागून आठवडे चालला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रशासनाला माझं सांगणं: धक्क्यानंतर घरांची पाहणी करता, तशी आठवडाभरात प्रत्येक अंगणवाडीत आणि झेडपी शाळेत पालकांची एक बैठक घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, वेगळा निधी लागत नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन चोवीस तास मोफत आहे, तिचा १४४१६ हा नंबर शाळेच्या फळ्यावर लिहा.

तुमच्या गावात धक्क्यानंतर अशी बैठक कधी झाली होती का? कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, यादी करून जिल्हा परिषदेत नेऊन देतो.