सहीवाचून पोचपावती

ई-मेल वाचण्याच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये, आलेल्या पत्रातली चित्रे रोखून धरण्याची एक सोय असते. सेटिंगच्या जंजाळात ती कुठेतरी दडलेली असते आणि फारच थोड्या लोकांनी तिच्याकडे कधी ढुंकून पाहिलेले असते. असल्या क्षुल्लक वस्तूसाठी दिवाळी अंकाची पाने का खर्च करावीत, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे, की ही सोय मुळी चित्रांविषयी नाहीच. आलेले पत्र मी उघडले की नाही, केव्हा उघडले, किती वेळा उघडले, हे दुसऱ्याला कळू देण्याचा अधिकार माझा की पत्र धाडणाऱ्याचा, ह्या वादाचा निकाल त्या एका खुणेवर लागतो. आणि तो निकाल आपल्याला न विचारता आपल्याविरुद्ध लावून टाकलेला आहे.

आधी ह्या चित्रांची जात ओळखली पाहिजे. पत्रात चित्र दोन रीतींनी येते. पाकिटात फोटो घालावा तसे ते पत्राबरोबर येते, ही एक रीत. ते आले की आले. त्यासाठी पुन्हा कुणाच्या दारात जावे लागत नाही. दुसऱ्या रीतीत पत्रात चित्र नसतेच, नुसता चित्राचा पत्ता असतो. चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर बसलेले असते. तुम्ही पत्र उघडले की तुमचाच प्रोग्रॅम तुमच्या नकळत त्या पत्त्यावर धावतो आणि चित्र मागून आणतो. मागायला गेला म्हणजे तिथे नोंद झालीच: अमुक दिवशी, अमुक वाजता, इंटरनेटवरच्या अमुक ठिकाणाहून, अमुक जातीच्या यंत्राने मागणी केली. पाठवणाऱ्याने एवढेच करायचे, की प्रत्येकाच्या पत्रातला चित्राचा पत्ता एकेका क्रमांकाने निराळा ठेवायचा. जो क्रमांक मागितला गेला त्याच्या धन्याने पत्र उघडले! चित्र देखणे असण्याचीही गरज नाही. लांबीरुंदीला एकेक ठिपका, तोही पारदर्शक, एवढे चित्र ह्या कामाला पुरते. जे चित्र कुणाला दिसूच नये म्हणून काढलेले असते ते कशासाठी काढले, हे वाचकांना निराळे सांगायला नको. चित्रे रोखण्याची खूण केली म्हणजे हे धावणे थांबते. अक्षरे दिसतात, चित्रांच्या जागी रिकामे चौकोन राहतात.

आता जुनी रीत पाहा. रजिस्टर पत्र २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन होऊन गेले, पण त्याची पोचपावती माझ्या वयाच्या माणसांना चांगली आठवते. पोस्टमन दारात उभा राहून सही मागे. सही नाकारता येई. ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन पत्र आल्या वाटेने परत जाई. आणि सही केली तरी पाठवणाऱ्याला कळे ते एवढेच, की पत्र हाती पडले. पाकीट मी रात्री फोडले की आठवडाभर फडताळात टाकून ठेवले, हे त्या पावतीवर उमटत नसे.

पोस्टाचे सोडा, सरकारचे घ्या. मी राहतो तो नागपूरचा वर्धा रस्त्याकडचा भाग. खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव ह्या गावांच्या जमिनी गेल्या आणि त्यांवर मिहान उभे राहिले. भूसंपादन हा शब्द इकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजांनी १८९४ साली केलेला भूसंपादनाचा कायदा २०१३ च्या अखेरपर्यंत देशात चालू होता. तो काही दयाळू कायदा नव्हे. पण त्यातही नोटीस कशी बजावावी हे लिहिलेले होते: शक्य तो त्या माणसाच्या हाती द्यावी, तो न सापडला तर घरातल्या प्रौढ पुरुषाच्या हाती, तोही नसला तर घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवावी. बाहेरच्या दारावर! शेतकऱ्याची जमीन काढून घेणारा कायदासुद्धा उंबऱ्याशी थांबत होता. दिवाळीच्या सवलतीची जाहिरात मात्र थांबत नाही.

ह्याच मिहानमध्ये आज टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस अशा मोठ्या कंपन्या नांदत आहेत आणि आमच्या गल्लीतली मुले मेट्रोने खापरीला उतरून तिकडे कामाला जातात. त्यांतल्या एका इंजिनिअर मुलापाशी मी हा विषय काढला. तो हसून म्हणाला, “काकाजी, काऊन एवढं मनावर घेऊन राहिले तुम्ही? एक ठिपका तं आहे! आन् तुमच्याजवळ लपवण्यासारखं आहे तरी काय?”

लपवण्यासारखे काय आहे, हा प्रश्न हल्ली फार ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्याला आपण काही चतुर बोललो असे वाटते. मी लपवतो ती माझी स्वस्थता. गेल्या वर्षी एका कर्ज देणाऱ्या संस्थेचे पत्र मी रात्री साडेअकराला उघडले. सकाळी नऊला फोन. “काल रात्री आमचा मेल पाहिलात ना, साहेब? मग काय ठरवलं?” काहीच ठरवले नव्हते. पत्र वाचून गप्प बसणे, दोन दिवस विचार करणे, मुळीच उत्तर न देणे, फार तर ‘पत्र हाती आले नाही’ अशी सौम्य थाप मारून समोरच्याचे मन राखणे, ह्या सगळ्या सभ्य समाजाच्या सोयी आहेत. नोकरीसाठी अर्ज केलेला मुलगा, घराचा भाव ठरवणारी बाई, वकिलाची नोटीस आलेला भाडेकरू ह्यांना त्यांची माझ्यापेक्षा जास्त गरज असते. ज्याच्याजवळ दुसरे बळ नसते त्याच्याजवळ निदान वेळ असतो, आणि हा ठिपका तो वेळच मोजून घेतो.

व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांचे उदाहरण मला दिले जाते. ते माझ्याच बाजूचे आहे. ती खूण दोघांनाही दिसते, बंद करता येते, आणि बंद करणाऱ्याला दुसऱ्याचीही दिसेनाशी होते. ह्याला मी निदान सचोटीचा व्यवहार म्हणेन.

आता प्रोग्रॅम करणाऱ्यांकडे वळतो. आउटलुकने २००३ च्या आवृत्तीत बाहेरची चित्रे आपण होऊन रोखायला सुरुवात केली. थंडरबर्डही रोखते, आणि खासगीपणासाठी रोखली असे पत्राच्या वरच लिहून सांगते. जीमेल आधी विचारत असे. डिसेंबर २०१३ मध्ये त्याने विचारणे सोडले. चित्रे गूगलच्या सर्व्हरमार्फत येऊ लागली, त्यामुळे तुमचे ठिकाण पाठवणाऱ्याला कळत नाही, हे खरे. पण पत्र उघडल्याचे कळायचे राहत नाही. दाखवण्यापूर्वी विचारण्याची सोय आजही आहे, पण ती ज्याने त्याने शोधून काढायची! ॲपलने २०२१ मध्ये निराळीच युक्ती केली. पत्र उघडा, न उघडा, चित्रे मध्यस्थामार्फत आधीच आणून ठेवायची. वाड्याच्या मालकाने सगळ्या बिऱ्हाडांच्या पोचपावत्यांवर सरसकट सह्या ठोकाव्यात, म्हणजे कोणतीच सही खरी राहत नाही, तसे हे आहे. युक्ती नामी आहे. शिवाय सुरुवातीला माणसाला विचारून केलेली आहे.

आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधने लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत ठेवली. त्या कायद्यात संमती ही मोकळी, नेमकी, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी असे म्हटले आहे. पत्र उघडणे ही संमतीची कृती आहे, असे कुणी न्यायालयात सांगू धजेल काय?

मराठी वाचकाची अडचण आणखी एका कारणाने बिकट होते, आणि ती आपण आपल्या हातांनी केलेली आहे. चित्रे रोखली की इंग्रजी पत्र बहुधा वाचता येते. मराठी शुभेच्छा, मराठी आमंत्रण, मराठी सूचना मात्र चौकोन होऊन बसते, कारण आपण मराठी अक्षरांचे चित्र करून पाठवतो. एके काळी हा नाइलाज होता. कृतिदेव किंवा शिवाजी फाँटात टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर नुसता कचरा होई. पण युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आहे, आणि आज साध्या फोनवरही ती उमटते. तरी संस्थांची चिटणीस मंडळी मजकुराचा फोटोच धाडतात. अंध माणसाला पत्र वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्या फोटोपुढे मुका होतो. आणि माझ्यासारख्याला आपली भाषा वाचायची असेल तर रोखलेले दार उघडावे लागते. भाषा हवी की खासगीपणा, अशी निवड मराठी माणसापुढे टाकणारे हे लोक मराठीचेच कार्यकर्ते असतात, ह्याला काय म्हणावे?

दाराविषयी शेवटची एक मागणी. माझ्या प्रोग्रॅममध्ये चौकोनांच्या वर ‘चित्रे दाखवा’ असे बटण येते. ते खोटे बोलते. त्यावर ‘पत्र उघडल्याचे पाठवणाऱ्याला कळवून चित्रे आणा’ असे लिहिले पाहिजे. एवढे लांब वाक्य बटणावर मावायचे नाही, असे आमच्या इंजिनिअरचे म्हणणे. बटण मोठे करावे.