लेकरांच्या काय लक्षात राहणार?

आमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात सध्या एकच विषय आहे. माझी पुतणी दोन लेकरांना घेऊन जर्मनीला नवऱ्याकडे निघालीय. थोरला चार वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची. आणि बरोबर मोठं माणूस कुणी नाही! नळाला पाणी येतं तेवढा वेळ सोडला, तर बायकांच्या तोंडी तेच. ‘एवढ्या लहान लेकरांना कशाला न्यायचं तिकडं? जरा मोठी होऊ द्यावी की.’ आणि मग ठरलेलं वाक्य, ‘त्यांच्या काय लक्षात राहणारंय?’

मैत्रिणींनो, जावळ काढायला सहा महिन्यांचं पोर आपण एसटीच्या गर्दीत तुळजापूरला नेतो. गड्ड्याच्या यात्रेत खांद्यावर बसवून फिरवतो. तेव्हा कुणी विचारतं का, त्याच्या काय लक्षात राहणार म्हणून?

मी हे तावातावाने बोलते, कारण हाच सल्ला मी स्वतः ऐकला होता. 2003 साली आमचे हे मस्कतला नोकरीला होते. कुटुंबाला नेण्याची परवानगी मिळाली होती. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी सात महिन्यांची. सगळे म्हणाले, थांब. खरं सांगू? मलाही विमानाची धास्ती होतीच, सल्ला सोयीचाच वाटला. थांबले. दीड वर्षाने हे सुट्टीवर आले तेव्हा मुलगी माझ्या पदराआड लपली आणि म्हणाली, ‘आई, काका आले.’ हे हसले. रात्री जेवताना मात्र गप्प होते. आज मुलगी नोकरी करते, वडिलांशी चांगलं बोलते. पण अजूनही काही मागायचं असलं की आधी माझ्याकडेच येते.

आता ‘एकटी बाई, लहान पोर’ याचं. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांच्या मनोरमेला नुकती दोन वर्षं पूर्ण झाली होती. नवरा आदल्याच वर्षी वारलेला. बोटीचा कित्येक आठवड्यांचा प्रवास! पुढे 1886 साली डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हाही पाच वर्षांचीसुद्धा न झालेली मनोरमा बरोबर होतीच. लोकांनी रमाबाईंना बोलायचं ते बोललंच. हीच मनोरमा मोठेपणी आईच्या कामात उभी राहिली, आणि आपल्या सोलापूरशेजारच्या गुलबर्ग्याला या मायलेकींनी शाळा काढली.

आमच्या पुतणीचा प्रवास तर एका दिवसाचा. त्रास नाही असं मी म्हणत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तिकीट नाममात्र, पण वेगळी जागा नाही, मांडीवरच घ्यायचं. विमानात समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो, पण मोजकेच असतात आणि बाळाच्या वजनाची मर्यादा असते. म्हणून तिकीट काढतानाच मागून ठेवायचा. विमान चढता-उतरताना कान दडे बसून बाळ कळवळतं, तेव्हा अंगावर पाजायचं किंवा बाटली द्यायची. गिळलं की कान मोकळे होतात. एवढ्याशा बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि तो पाचच वर्षं चालतो. पूर्वी त्यासाठी पुण्याच्या चकरा होत्या, आता सोलापुरातच पोस्टाच्या केंद्रात काम होतं. नवरा बरोबर नसेल तर त्याच्या सहीचं संमतिपत्र जवळ असू द्यावं. ‘माझ्याच पोरांसाठी मी परवानगी दाखवायची?’ म्हणून पुतणी चिडली. चिडण्यासारखंच आहे, पण भांडणात एकाने मूल पळवून परदेशी नेल्याची प्रकरणं होतात, म्हणून विचारतात.

आणि नातेवाइकांनो, एक हात जोडून विनंती. तिच्या बॅगा तुमच्या प्रेमाने भरू नका. शेंगाचटणी, कडक भाकरी ठीक. पण तूप, पेढे, खवा जर्मनीत बाहेरून नेऊ देत नाहीत. दुधाच्या पदार्थांना तिथे बंदी आहे. बाळाच्या दुधाची पावडर तेवढी चालते. तुमचे पेढे कचऱ्यात जातील आणि कडेवर एक, हाताला एक धरून ही अधिकाऱ्यापुढे बॅग उपसत बसेल. त्यापेक्षा निघण्याच्या दिवशी कुणीतरी थोरल्याला दोन तास खेळवा, म्हणजे तिला डोळा लागेल. ‘एकटी कशी जाशील’ म्हणणाऱ्यांपैकी हे अजून कुणी सुचवलेलं नाही.

परवा तिच्या सासूबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘तुम्हीच सांगा तिला, वर्षभर थांब म्हणून. तुमचं ऐकते ती.’ नात दूर जाणार म्हणून त्यांचा जीव तुटतोय, ते मला दिसत होतं. मी त्यांना चहा दिला आणि ‘काका आले’ची गोष्ट सांगितली. आजवर घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. कप तसाच हातात धरून त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, ‘धाकटीला मऊ भात लागतो. विमानात देतात का हो?’

गुरुवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं आहेत. मुंबईपर्यंत मी जाणार आहे, विमानतळाच्या दारापर्यंत. भाताचा डबा सासूबाई देणार आहेत.