डायलिसिसच्या खाटेपाशी उभ्या राहणाऱ्यांचे शिक्षण कोणी करायचे?

प्रति,
माननीय नियामक मंडळ,
एल्झे क्र्योनर-फ्रेझेनियस प्रतिष्ठान, बाड हॉम्बुर्ग

विषय : परिचारिका व डायलिसिस तंत्रज्ञ यांच्या सेवांतर्गत शिक्षणासाठी प्रादेशिक अनुदान

एल्झे क्र्योनर यांनी १९८३ मध्ये हे प्रतिष्ठान स्थापन केले आणि १९८८ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांची सारी संपत्ती त्याच्याकडे आली. प्रतिष्ठानाच्या घटनेत वैद्यकीय संशोधनाच्या जोडीने आणखी एक उद्दिष्ट नोंदलेले आहे : डॉक्टरांच्या आणि रुग्णांवर उपचार वा शुश्रूषा करणाऱ्या इतर व्यक्तींच्या शिक्षणाला, त्यातही प्रामुख्याने डायलिसिसच्या क्षेत्रात, साहाय्य करणे. या ‘इतर व्यक्ती’ म्हणजे परिचारिका आणि तंत्रज्ञ. संस्थापिकेने ज्यांचा उल्लेख घटनेत करून ठेवला, त्यांच्या वाट्याला चार दशकांत काय आले, हा प्रश्न आता स्पष्ट शब्दांत विचारला गेला पाहिजे.

प्रतिष्ठानाच्या औदार्याचे मोठे आकडे जगजाहीर आहेत. वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार २०१३ मध्ये प्रतिकारशक्तीवरील कार्यासाठी रुस्लान मेडझिटोव्ह यांना आणि २०१७ मध्ये मेंदूविषयक संशोधनासाठी कार्ल डाइसेरोथ यांना देण्यात आला, तेव्हा त्याची रक्कम प्रत्येक वेळी ४० लाख युरो होती. विकास सहकार्यासाठीच्या पुरस्काराची रक्कम १ लाख युरो आहे. जर्मनीच्या विकास मंत्रालयासह २०१६ मध्ये सुरू झालेल्या रुग्णालय भागीदारी योजनेत, म्हणजे जर्मन रुग्णालय आणि गरीब वा मध्यम उत्पन्नाच्या देशातील रुग्णालय यांनी मिळून कर्मचाऱ्यांना शिकवण्याच्या योजनेत, सुरुवातीला एका प्रकल्पाला ५० हजार युरोपर्यंत मदत मिळत असे. एका संशोधन पुरस्काराच्या रकमेत असे ८० प्रकल्प उभे राहिले असते. संशोधनाचा पैसा कापावा, असे येथे कोणाचेही म्हणणे नाही. परंतु घटनेतील या दोन उद्दिष्टांपैकी एक राजमार्गाने आणि दुसरे पाऊलवाटेने का चालते, याचे उत्तर प्रतिष्ठानाने दिलेच पाहिजे.

ज्या कामासाठी हे शिक्षण हवे, त्याचे स्वरूप नियामक मंडळाने एकदा नीट पाहावे. मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास यंत्राला जोडला जातो. म्हणजे वर्षाला १५६ वेळा आणि ६२४ तास. हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेल्या मार्गात, ज्याला फिस्टुला म्हणतात, दर वेळी दोन जाड सुया टोचाव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेल्या पाण्याचे द्रावण रक्तालगतच्या पातळ पडद्यापलीकडून वाहते. रक्त परत नेणारी सुई निसटली आणि रक्तप्रवाह मिनिटाला ३०० मिलिलिटर असला, तर पाच मिनिटांत दीड लिटर रक्त चादरीखाली सांडते, आणि यंत्राचा दाबदर्शक इशारा अशा वेळी वाजेलच याची खात्री नसते. तेव्हा रुग्णाचा जीव वाचतो तो सुईवरची चिकटपट्टी सैल झाल्याचे वेळीच ओळखणाऱ्या परिचारिकेमुळे. पाण्याची तपासणी, कावीळ ‘ब’च्या रुग्णासाठी वेगळे यंत्र, रक्तदाब कोसळण्याची पूर्वचिन्हे, हे सारे एकदा पदविका घेतली की जन्मभर पुरणारे ज्ञान नव्हे, ते पुन्हा पुन्हा शिकावे लागते.

जर्मनीत विमा योजनेत काम करणाऱ्या डॉक्टरला पाच वर्षांत २५० शिक्षण गुण मिळवावे लागतात, आणि ते न मिळवल्यास त्याच्या मानधनात पहिल्या चार तिमाहींत १० टक्के व त्यानंतर २५ टक्के कपात होते. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण लागतात. औषध कंपन्यांच्या विपणनासाठी मार्च २०२४ मध्ये भारतात आलेल्या संहितेने परदेशी परिषदांच्या आणि फुकट प्रवासाच्या वाटा बंद केल्या, हे योग्यच झाले. पण पूर्वीही कंपन्यांच्या पैशाची धाव डॉक्टरांपर्यंतच होती आणि परिचारिकांपर्यंत तो क्वचितच झिरपला. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने ही सेवा जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्याचे ठरवले. यंत्रे खरेदी करता येतात. ती चालवणाऱ्यांना शिकायला सोडायचे, तर त्यांच्या जागी पाळी कोण करणार, हा प्रश्न प्रत्येक अधिसेविकेपुढे उभा राहतो. रजा-राखीव पदे, म्हणजे कोणी रजेवर वा प्रशिक्षणाला गेल्यास तिच्या जागी काम करणारे कर्मचारी, पुरेशी नसतील तर मोफत अभ्यासक्रमही कागदावरच राहतो.

प्रतिष्ठान फ्रेझेनियस कंपनीचे सर्वांत मोठे भागधारक आहे, आणि त्याच समूहाच्या फ्रेझेनियस काबीचा कारखाना पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे आहे. माल बनवण्यासाठी शिरूर तालुका जवळ वाटतो, तर तेथील परिचारिकेच्या शिक्षणासाठी तो दूर का ठरावा? रुग्णालय भागीदारीसाठी जर्मन भागीदार लागतो. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णालयाने तो कोठून शोधायचा? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत. शिकलेले हात जर्मनीला हवे असतील, तर मागे उरलेल्या हातांना शिकवण्याचा भार उचलणे हे जर्मनीतील धनिक संस्थांचे कर्तव्य आहे, आणि त्याला दानधर्म म्हणणे ही त्या परिचारिकांची विटंबना आहे.

म्हणून पुढील मागण्या करण्यात येत आहेत. पहिली, शिक्षणाच्या उद्दिष्टावर १९८३ पासून झालेल्या खर्चाचा व्यवसायवार आणि प्रदेशवार हिशेब, डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांचे रकाने वेगळे ठेवून, जाहीर करावा. दुसरी, सेवांतर्गत डायलिसिस शिक्षणासाठी स्वतंत्र प्रादेशिक अनुदान ठेवावे आणि जिल्हा रुग्णालयांना व परिचर्या महाविद्यालयांना जर्मन भागीदाराविना, मराठीत अर्ज करता यावा. तिसरी, अनुदानात शिकवणीच्या शुल्काबरोबर बदली कर्मचाऱ्याचे वेतनही धरावे. चौथी, अभ्यासक्रम सार्वजनिक संस्थांनी ठरवावा व त्यात कोणत्याही कंपनीच्या, विशेषतः फ्रेझेनियसच्या, यंत्राची जाहिरात असू नये. कारण ज्या प्रतिष्ठानाचे उत्पन्न लाभांशातून येते, त्याने विक्री आणि शिक्षण यांच्यामध्ये भक्कम भिंत बांधणे अपरिहार्य आहे.

या चारही गोष्टी प्रतिष्ठानाच्या घटनेत बसतात आणि त्याच्या ऐपतीतही बसतात. त्या नाकारायच्या असतील, तर संस्थापिकेने नोंदवलेल्या उद्दिष्टाचा कोणता अर्थ मंडळाने लावला आहे, तो कारणांसह लेखी जाहीर करावा.

महाराष्ट्रातील परिचारिका आणि डायलिसिस तंत्रज्ञ यांच्या बाजूने